जुनं पाणी

“आता तू बघ बाई. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही,” सूक्ष्मदर्शकापासून उठत अश्लेषा म्हणाली.

मारझान जागची हलली नाही. काचेच्या बशीतली माती तिच्या गावच्या बंदरातली होती. अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीने पळवलं आणि ते बंदर कोरडं पडलं, तिच्या जन्माआधीच. आजोबांची बोट अजून अंगणात होती. तिच्यात ते आता कोंबड्या पाळत होते.

आता नदीचं थोडं पाणी पुन्हा समुद्राकडे सोडायचं ठरलं होतं. कोणत्या खाडीत, ते सेंदाईच्या या जपानी प्रयोगशाळेतल्या तपासणीवर अवलंबून होतं. जिथल्या मातीत जीव तग धरून असेल, तिथे पाणी. मारझानच्या गावच्या खाडीची माती महिनाभर भिजूनही ढिम्म होती. आज संध्याकाळी प्राध्यापक ओनोदेरा रिपोर्टात ‘मृत’ असं लिहून मोकळे होणार होते.

चूक अश्लेषाचीच होती. आजच्या अरलइतकं खारट पाणी ती अगदी काटेकोरपणे बनवून मातीवर ओतत होती. गेल्या शुक्रवारी ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्याचा, घास घेताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मातीत पाण्यातल्या बारीक जीवांची अंडी पडली तेव्हा समुद्र कुठे एवढा खारट होता? तिने मीठ कमी केलं. मारझानचे आजोबा ज्यात जाळी टाकायचे, तसं पाणी केलं.

“नाही दिसलं तर?” मारझानने विचारलं.

“बघ तर खरी!”

मारझान वाकली. उजेडाच्या गोलात टाचणीच्या टोकाहून बारीक जीव टुणटुण उड्या मारत होते. माशांचं खाणं! इतकी वर्षं ती अंडी कोरड्या मातीत आपल्या पाण्याची वाट बघत पडून होती. देवळातसुद्धा अश्लेषाचे हात कधी असे आपोआप जुळले नव्हते.

ओनोदेरा-सेन्सेई आले, त्यांनी पाहिलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

“अश्लेषा-सान, रिपोर्ट नव्याने लिहू या,” ते हळूच म्हणाले.

मारझानने घरी फोन लावला. आपल्या भाषेत ती एकच वाक्य बोलली. पलीकडून आजोबांचं हसू येत होतं की रडू, काही कळेना.

“काय सांगितलंस गं त्यांना?” अश्लेषाने विचारलं.

मारझानने डोळे पुसले.

“म्हटलं, बोटीतल्या कोंबड्या बाहेर काढा.”