ऋणनिर्देशाचं पान

प्रबंध पूर्ण झाला, तशी तिच्या मार्गदर्शक खांबेटे मॅडमनी हेमांगीच्या कानामागची भाषापट्टी काढून घेतली. चार वर्षं ती पट्टी तिचं प्रत्येक वाक्य मनातच विद्यापीठाच्या शिस्तीत बसवत आली होती.

"ऋणनिर्देश तेवढा स्वतःच्या शब्दांत लिही," मॅडम म्हणाल्या.

हेमांगीने आईबद्दलची ओळ आधी लिहिली आणि फोन लावून तिलाच वाचून दाखवली.

"सदर व्यक्तीचे सातत्यपूर्ण साहाय्य प्रस्तुत संशोधनास पूरक ठरले, असे नमूद करणे उचित होईल."

आईने शिलाई मशीन थांबवून ऐकलं. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. "कोण गं ही?"

हेमांगीने कानामागे बोट फिरवून पाहिलं; पट्टी तिथे नव्हती. अशा प्रसंगी रडू येते, असे मानण्यास वाव आहे, एवढंच तिच्या मनात आलं.