दुसऱ्यांदा भात

पद्माने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि दारावरची घंटी वाजली.

शिखाने दार उघडलं. वॉर्डाचे पुढारी रघुनाथराव होते. गळ्यात गमछा. मागच्या निवडणुकीला त्याचा रंग वेगळा होता.

"ताई, चला लवकर. गाडी खालीच उभी आहे. एक वाजता फूलबागेत सभा. मंचावर आपल्या मराठी समाजाची एक तरी बाई दिसली पाहिजे."

"काका, मम्मी अभी नहीं बोलेगी," शिखा म्हणाली. "चातुर्मास आहे ना. मौनाने जेवते ती. मध्येच बोलली तर ताट सोडून उठावं लागतं."

"असं का? मग जेवू द्या. मी बसतो." त्यांनी खुर्ची ओढली आणि ते ताटासमोरच बसले.

आठवडाभर पद्मा पाटणकर बाजारातल्या औषधांच्या दुकानात उभी असायची, दिवेलागणीपर्यंत. रविवारची दुपार तेवढी तिची. पंख्याखाली आडवं व्हायचं, बस. पण मागचे दोन्ही रविवार गेले होते. एक रघुनाथरावांच्या मोर्चात, एक कुणाच्या तरी सत्कारात. कुणी बोलावलं की तिच्या तोंडून 'हो' निघून जायचं, आणि मग घरी येऊन दुखऱ्या पायांना तेल चोळत ती स्वतःवरच चिडायची. आताही तो शब्द जिभेवर येऊन बसला होता. तिने त्यावर भाताचा घास ठेवला.

"तुम्हाला भाषण नाही द्यायचं," रघुनाथराव समजावू लागले. "फक्त बसायचं. रोज उभ्याच तर असता तुम्ही. आज सोफ्यावर बसा."

"आणि सभा संपेपर्यंत उठायचं नाही," पद्माचा नवरा अंबरीश आपल्या ताटावरून म्हणाला.

"भाईसाहब, तुम्ही तर विरोधी पक्षच झालात."

रघुनाथरावांचा फोन वाजला. "हां भैया, बस निकल ही रहे हैं." थोड्या वेळाने पुन्हा वाजला. त्यांनी घड्याळ पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

"ताई, नुसती मान हलवा. मौनात मान चालते."

चालत होती. पद्माला ते चांगलं ठाऊक होतं. मीठ हवं असलं की ती बोट दाखवायची, पुरे झालं की मान हलवायची. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग डाव्या हाताने भाताच्या पातेल्याकडे बोट केलं.

"और चाहिये?" शिखा बघतच राहिली. दुसऱ्यांदा भात आईने कधी घेतला नव्हता.

पद्माने त्यावर दही घेतलं. कालवलं. पुन्हा कालवलं. शिताशिताने खाऊ लागली.

रघुनाथराव उठले. "बरं. शालिनीताईंना बघतो. त्यांचं जेवण लवकर आटोपतं."

चपला वाजल्या, जिना वाजला, खाली गाडी सुरू होऊन दूर गेली. पद्माने शेवटचा घास घेतला, पाणी प्यायलं, हात धुऊन देवघरातल्या बाळकृष्णापुढे जोडले. मौन सुटलं. छातीवरचं कसलं तरी ओझं कुणी अलगद उचलून नेल्यासारखं तिला वाटलं.

"एक विचारू?" अंबरीश हसत म्हणाला. "मान हलवली असतीस तर व्रत मोडलं असतं?"

"नाही," पद्मा म्हणाली.

तिने पंख्याखाली चटई अंथरली आणि पाय ताणून दिले. रस्त्यावरून भोंग्याची रिक्षा 'भारी संख्या में पधारें' म्हणत थाटीपुरच्या चौकाकडे गेली. डोळे मिटल्यावर तिने तो 'नाही' पुन्हा एकदा, अगदी हळू, नुसता म्हणून पाहिला.