डोलीतली पाहुणी

"डावीकडून घ्या, तिचा पाय फांदीला लागेल," मुकादम बागाम्बे म्हणाला आणि आठही जण चिखलात पाय रोवून वळले.

डोलीतली परदेशी बाई सत्तरीची होती, पिकल्या केसांची. सकाळी तिला डोंगरावर नेलं. गोरिला दिसले तिथे दोघांनी दंडाला धरून तिला उभी केली, तिनेही धरू दिलं. आता खाली आणत होते. कुणाचा पाय घसरला की तीच माफी मागायची.

"हलकी आहे बाई," रुकुंडो मागून म्हणाला. "नाहीतर ते भोपळे! आपली कंबर मोडतात, आणि बक्षिशीच्या वेळी त्यांना नेमके सुटे सापडत नाहीत."

"तू खांदा दे, तोंड नको देऊस," बागाम्बे म्हणाला. बाकीचे हसले.

पुढे बंदूक घेऊन वाटाड्या बेयेझा चालला होता. तो जंगलखात्याचा नोकर. डोली उचलण्याआधी रोज तो यांना रीतभात शिकवायचा. हात पुढे करायचा नाही, पाहुण्याच्या खिशाकडे बघायचं नाही आणि घरचं रडगाणं तर मुळीच गायचं नाही. ती भीकच धरली जाते. एक तक्रार गेली की डोलीची पाळी कायमची बंद. भुकेल्याला शिष्टाचार शिकवणारे नेहमी पोट भरलेलेच असतात, पण नोकरी त्याचीही होती.

डोली गावाची, आणि गावात एकच. तिच्यातूनच आजारी माणूस खाली दवाखान्यात जायचा, अडलेली बाई जायची. घरटी एक खांदा. जो देणार नाही त्याच्या वेळेला कोणी यायचं नाही. आजाऱ्याला नेण्याचे पैसे कधी कोणी घेतले नाहीत. पाहुण्यांसाठी ती भाड्याने जाऊ लागली तेव्हा म्हातारे कुरकुरले, मग शाळेवर पत्रे चढले तसे गप्प झाले. बाकी रीत तीच राहिली. ज्याचे पाय चालतात तो डोलीत बसत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

उतारावर वरच्या वाडीतली बागाम्बेची शेजारीण कोमुगिशा आडवी आली. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली.

"बागाम्बे, निन्सिमा अडलीये! पहाटे तू निघालास आणि कळा सुरू झाल्या. बाळ आडवं आहे. सुईण म्हणते, माझ्या हातात काही राहिलं नाही, खाली न्या."

निन्सिमा त्याची एकुलती पोर. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. अजून पंधरा दिवस अवकाश होता, म्हणून तर तो आज पाळीवर आला होता.

"गडीमाणसं कुठायत?"

"बाजाराला. आणि असती तरी काय, डोली इथं आहे!"

डोली थांबली. बाईने वाकून बेयेझाला काहीतरी विचारलं. बेयेझा शिकवल्याप्रमाणे हसला आणि काही नाही, ओळखीची आहे, असं तिच्या भाषेत म्हणाला.

"मुकादम, हिला ठेवू इथंच," रुकुंडो म्हणाला. "बेयेझासाहेब बसतील सोबत. आपण वर पळू."

बेयेझा घुटमळला. "बागाम्बे, तू म्हणशील तर सांगतो मी तिला. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

बागाम्बेने डोलीकडे पाहिलं. बाई त्याच्याकडे बघून हसली.

"काय सांगाल? उतर? आणि खाली जाईल कशी, सरपटत? संध्याकाळी हत्ती याच वाटेने येतात. पांगळ्या म्हातारीला त्यांच्या तोंडी दिली तर तिचा तळतळाट माझ्या पोरीला लागेल. उचला."

"मुकादम..."

"उचला म्हणतो ना! आणि कोमुगिशा, तू वर जा. तिला सांग, बाप निघालाय म्हणावं."

मग ते पळत सुटले. वेली तोडत, घसरत, खांदे न बदलता. बाई दोन्ही दांडे घट्ट धरून बसली होती.

"जपून चला म्हणते," बेयेझा धापा टाकत म्हणाला. "तिला काही घाई नाही म्हणते."

बागाम्बेने मनात तिला शिव्या घातल्या, तिच्या पायांना, तिच्या देशाला. लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. पांगळ्याला शिव्या घालाव्यात असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निन्सिमाचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं आणि पाय पुरत नव्हते.

पायथ्याशी त्यांनी डोली टेकवली. रुकुंडो पट्टे सोडायला वाकला आणि तेवढ्यात वरच्या वाडीतून बायकांचा आवाज आला. एकीने हेल काढला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी.

तो आवाज कशाचा हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. रुकुंडोचे हात पट्ट्यावरच राहिले. बागाम्बे होता तिथे चिखलात बसला.

बाईला काही कळलं नाही. तिने पिशवीतून पाकिटं काढली, आठ जणांची आठ, आणि बसल्या जागेवरून दोन्ही हातांनी एकेकाला दिली. बागाम्बेने हात पुढे केला नाही. तिने बेयेझाकडे पाहिलं.

आता लपवून उपयोग नव्हता. बेयेझाने सगळं सांगितलं. निरोप, उतारावरचं बोलणं, वरचं रडणं.

बाईने झटक्यात पट्टा काढला. कुणाचा हात न धरता ती डोलीतून उतरली, मधला ओहळ एका उडीत ओलांडून बागाम्बेसमोर आली आणि गुडघे टेकून रडत रडत बोलू लागली. सातही जण तिच्या पायांकडे बघत राहिले.

"काय म्हणतेय?" बागाम्बेने विचारलं.

बेयेझाने टोपी काढली.

"म्हणते, मी रोज दोन तास डोंगर चढते. निघताना सहलीवाल्यांनी सांगितलं होतं, गरज नसली तरी डोली करा, तेवढीच आठ घरं जगतात."