जुना श्रोता

मेतोदीनं नेदाबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, वाकून त्यावर ओठ टेकवले आणि मान वर न करताच बोलून टाकलं.

"बाई, ते मी लिहिलं होतं. तो 'जुना श्रोता' म्हणजे मीच. माफ करा."

"देव माफ करो, मेतोदी. मीही करते," बाई म्हणाल्या. "चल, बस. बनित्सा गार होईल."

एवढंच. मेतोदीला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

इस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा तो क्षमेचा रविवार होता. डॅन्यूबकाठच्या त्या गावात या दिवशी धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, हात चुंबायचा, माफी मागायची. थोरल्यानं माफ करायचं. कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. मेतोदीलाही मोघम मागून मोकळं होता आलं असतं. घरून निघताना त्याचा बेत तोच होता. पण बाईंचा हात हातात आला आणि त्या पळवाटेची त्याला लाज वाटली.

गेंचो, बाईंचा नवरा, भट्टीतून काढलेली बनित्सा घेऊन स्वयंपाकघरातून आला. चीजचा खरपूस वास खोलीभर पसरला.

"काय रे, आटपलीसुद्धा तुझी पापं? मला तर इस्टर उजाडेल!"

मेतोदी कसनुसा हसला. बाई त्याच्या ताटलीत मोठा तुकडा वाढत होत्या. चेहऱ्यावर रागाची रेघसुद्धा नव्हती. केवढं हे मन, त्याला वाटलं, आणि आपण काय केलं!

वाचनगृहाचा गायकवृंद बाईंनीच उभा केला होता. मेतोदी त्यात खर्जात गायचा. गेल्या नाताळात त्याचा एकट्यानं गायचा तुकडा बाईंनी दुसऱ्याला दिला. कारण तेवढंच. त्या कार्यक्रमाची चित्रफीत गावच्या बातम्यांच्या पानावर आली, तेव्हा खाली त्यानं 'जुना श्रोता' या खोट्या नावानं लिहिलं, "बाईंना ऐकू येत नाही. ओठ बघून वेळ मारून नेतात. बहिऱ्यांच्या हाती सूर दिल्यावर दुसरं काय होणार?" हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. समोर उभं राहून गाता गाता त्याचं त्यानंच ओळखलं होतं. गाव खदखदून हसलं. घाबरून त्यानं ते पुसलं, पण तोवर ते फोनाफोनांतून फिरलं होतं. आठवडाभरात बाईंनी वृंद सोडला.

या दिवशीच्या खेळासाठी छताच्या तुळईला दोऱ्यानं घट्ट हलव्याचा तुकडा टांगला होता. हात न लावता तो तोंडानं पकडायचा. बाईंचा भाचा कालोयान चाळिशी उलटली तरी दरवर्षी उड्या मारून तो पकडायचा आणि सगळ्यांना हसवायचा.

"कालोयान नाही आला अजून?" मेतोदीनं विचारलं.

गेंचोनं खिडकीकडे बोट केलं. "आलाय की. कधीचा फाटकाशी उभा आहे, बायकोला घेऊन."

"उभा राहू दे," बाई म्हणाल्या. गेंचोच्या ओठांवरून त्यांची नजर हलली नव्हती.

"अगं, आजच्या दिवशी तरी! साऱ्या गावाला माफ करायचं आणि सख्ख्या बहिणीचा मुलगा थंडीत कुडकुडत ठेवायचा?"

"कबूल कर म्हणावं. या घटकेला आत घेते. माझ्या कानांचं दोघांनाच ठाऊक होतं, गेंचो. एक तू, आणि एक तो, ज्यानं मला डॉक्टरांकडे नेलं. तू लिहिलं नाहीस. मग काय भिंतींनी लिहिलं?" त्या मेतोदीकडे वळल्या. "तूच सांग. तोंडावर मावशी मावशी करायचं आणि मागून नाव लपवून असं लिहायचं. पोटच्या पोरासारखा वाढवला रे मी त्याला. आता मरेपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही मला."

मेतोदीचा घास तोंडातच राहिला.

त्यांना ऐकूच आलं नव्हतं. खाली मान घालून, हातावर पुटपुटलेलं त्यांना कसं ऐकू येणार? हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ठरलेलं जे उत्तर मिळतं, तेच त्याला मिळालं होतं.

पण मी तर सांगितलं, त्याच्या मनात आलं. खरं तेच सांगितलं. ऐकू आलं नाही यात माझा काय दोष? देवानं तर ऐकलं ना? घास गिळेपर्यंत तो या विचाराला धरून बसला.

"मावशी!" बाहेरून हाक आली.

गेंचोनं मान वळवली. मेतोदीनंही वळवली. बाई मात्र शांतपणे सुरीनं बनित्सा कापत होत्या.

मेतोदी उठला. खुर्ची ओढून तो बाईंच्या अगदी समोर, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून बसला.

"बाई, इकडे बघा. माझ्या तोंडाकडे बघा."

बाईंनी सुरी ठेवली.

"ते मी लिहिलं. कालोयाननं नाही. मी." घशातून आवाज फुटला नाही. नुसते ओठ हलले.

"काय म्हणतोय हा?" गेंचोनं विचारलं.

बाई कितीतरी वेळ मेतोदीच्या ओठांकडे पाहत राहिल्या. ओठ केव्हाच मिटले होते, तरी पाहत राहिल्या. मघाशी त्यानं चुंबलेला हात त्यांनी मांडीवरच्या रुमालाला पुसला. मग त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. टेकडीवर सणासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर आत आला. फाटकाशी उभ्या असलेल्या कालोयाननं चटकन टोपी काढली.

"मला कळलं," बाई मेतोदीला म्हणाल्या. "आता पोटातून आवाज काढ. फाटकापर्यंत गेला पाहिजे."