तिकडचे बाबा

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी सगळं राज्य संगणकात साठवून ठेवलेल्या आपापल्या पितरांशी एकदमच बोलायला बसलं, तेव्हा गर्दी पेलायला ही सेवा देणाऱ्या कंपनीने जादा यंत्रांवर पितरांच्या आणखी प्रती सुरू केल्या. मिरजेच्या शर्वरीला यंदा रांगेत थांबावं लागलं नाही. पडद्यावर लगेच बाबा आले.

"दादा येऊन गेला का, बाबा?"

"आत्ता दुसऱ्या यंत्रावर माझ्याशीच बोलतोय."

"काय म्हणतोय?"

"ते तिकडच्या मलाच ठाऊक. गर्दी ओसरली की तो मी पुसला जाईन, पोरी. तूच विचार दादाला."

आईच्या तेराव्यापासून बहीणभावांत अबोला होता. शर्वरीने मोबाइलवर दादाचा नंबर लावला.

"दादा, काय म्हणाले रे बाबा?"

"तुला फोन कर म्हणाले, शरू," दादा म्हणाला, "पण धीरच होत नव्हता."