शेवट आधी

म्हातारा सुतार साठीत अक्षरं शिकला तो परगावी राहणाऱ्या लेकीची पत्रं वाचायला. आज त्याच पत्रांचा गठ्ठा न्यायाधीशांपुढे आला. लेकीवर गोदाम पेटवल्याचा आळ होता. भाषातज्ज्ञ बाई म्हणाल्या, "पोलिसांकडच्या कबुलीजबाबात सगळं पहिल्यापासून ओळीने सांगितलंय. ही मुलगी पत्रांत नेहमी शेवट आधी सांगते. हा जबाब तिच्या तोंडचा नाही." सरकारी वकील हसले, "लिहिणं वेगळं, बोलणं वेगळं!" न्यायाधीश लेकीकडे वळले. "त्या दुपारी काय झालं?" सुताराचा जीव टांगणीला लागला. जन्मभर त्याने तिला दटावलं होतं, "अगं, आधीचं आधी सांग!" आज नेमकं तिने ऐकलं तर? लेक म्हणाली, "पहारेकऱ्याला बाहेर काढलं, साहेब. त्याआधी दार फोडलं. त्याआधी धूर दिसला." न्यायाधीशांनी गठ्ठा जवळ ओढला. सुतार ताडकन उठला, "शाब्बास, पोरी! बापाचं कधी ऐकू नकोस!"