तिसऱ्या वर्गातली बादली

“बँकॉक ते व्हिएन्टिन. एकच गाडी, तिसरा वर्ग, आणि थेट परदेश, लाओस! पहिला सल्ला, खिडकीची जागा घ्या. दुसरा, शेजारी कोण बसतंय ते—”

ओरायाला वासानं ओकारीची उबळ आली. तिनं फोन बंद केला. प्रवासाच्या सल्ल्यांचं रेकॉर्डिंग पुन्हा वाया गेलं.

शेजारी खामपेंगमावशी बसली होती. तिच्या दोन पायांमध्ये प्लास्टिकची बादली होती. बादलीत पाडेक. मासे, मीठ आणि कोंडा वर्षभर कुजवला की जे होतं ते. झाकणाच्या चिकटपट्टीखालून तपकिरी पाणी झिरपत होतं आणि ओरायाच्या पांढऱ्या बुटाकडे सरकत होतं.

रात्रभर हेच. डब्यात संडासाचा वास होता, घामाचा होता, कुणाच्या तरी उघड्या पावलांचा होता. पण बादलीचा वास त्या सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसला होता.

“मावशी, काय मेलंय का आत?” समोरच्या बाकावरून विचितनं विचारलं. तो भाजलेली कोंबडी खात होता आणि हाडं चोखून बाकाखाली टाकत होता.

“मासे आहेत. मासे मेलेलेच असतात, बाबा.”

डबा हसला. ओराया हसली नाही.

“ती तिकडे संडासाजवळ ठेवा ना.”

“तिथं नको गं पोरी. तिथं लोक घाण करतात.”

“मग इथं काय अत्तर सांडलंय?”

मावशीनं गळ्यातल्या चौकडीच्या पंच्यानं पाणी टिपलं. पंचा पुरुषाचा होता. तोच तिनं पुन्हा गळ्यात टाकला. मग चिकट भाताची पुडी सोडली, पहिला गोळा झाकणावर ठेवला आणि त्याच बोटांनी दुसरा तोंडात घातला.

ओराया खिडकीबाहेर बघत राहिली.

“तिसरा सल्ला. घरून उशी आणा. नाकाला लावायला बाम आणा. लोकांकडून कसलीच अपेक्षा—”

(हेही काढून टाकलं.)

आणि ते पुटपुटणं! मध्येच कधीतरी मावशी बादलीवर ओणवी व्हायची. अगदी झाकणाला ओठ लागतील इतकी. खडखडाटात शब्द कळत नव्हते. मग ती सरळ बसायची आणि डोळे ताणून पुढचा अंधार बघायची. रात्रभर तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. वेडी असेल, ओरायानं ठरवलं. वेडी आणि घाणेरडी.

उदोन स्टेशन मागं पडलं. उजाडलं होतं.

“पोरी, मला झोप लागली तर मोठ्या नदीवर उठवशील?”

“मी काय गजराचं घड्याळ आहे?”

सीमेवरच्या नोंगखाय स्टेशनला सगळे सामानासकट खाली उतरले. ओरायानं फोन काढला. “सीमेवर सामान स्वतःहून उघडून दाखवा. घाबरू नका. लपवण्यासारखं काही नसेल तर—”

रांगेत पुढं अधिकाऱ्यानं मावशीची चिकटपट्टी सोडवायला लावली होती. झाकण निघालं. रांग दोन पावलं मागं सरली.

“लाओसला पाडेक?” अधिकारी नाक धरून म्हणाला. “समुद्रात मीठ टाकायला निघालात का, मावशी? तिकडे घरोघरी रांजण भरलेत!”

त्यानं आत काठी खुपसली. ती कशावर तरी टणकली. काठीच्या टोकाबरोबर पांढऱ्या कापडाचं एक टोक वर आलं, त्याला गुंडाळलेल्या दोऱ्यासकट.

“खाली काय?”

मावशीनं गळ्यातला पंचा मुठीत धरला.

“दगड आहे,” ओराया म्हणाली. “मासे दाबून ठेवायला. आमच्या खोनकेनकडे असंच करतात.”

आपण खोनकेनच्या, हे तिनं बँकॉकमध्ये आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि खोनकेनला कुणी दगडाला पांढरं कापड बांधत नाही, ते अस्थींच्या मडक्याला बांधतात, हेही तिला माहीत होतं.

“न्या, न्या ते पुढं!” अधिकारी थुंकला.

गाडीत परत बसल्याबरोबर मावशी झोपली. तोंड उघडं, मान ओरायाच्या खांद्यावर, आणि पंच्यालाही तोच वास. ओरायानं खांदा काढून घेतला नाही. विचितला कळलं असतं तर त्यानं चालत्या गाडीतून उडी मारली असती. मेलेल्या माणसाशेजारी कोण बसणार होतं? म्हणून वर मासे.

चाकांचा आवाज पोकळ झाला. खाली नदी आली, मातकट, रुंद. पुलाच्या तोंडाशी मोटारी थांबून गाडी जायची वाट बघत होत्या.

“मावशी. मावशी!” ओरायानं दोनदा हलवलं. मावशी फक्त घोरली.

ओरायाच्या आजोबांचं शव बँकॉकच्या इस्पितळातून गावी आणलं, तेव्हा तिची आईही अशीच रात्रभर जागी होती. मेलेल्याला वाट दिसत नाही. पाणी आलं की तो काठावर थबकतो. प्रत्येक पुलावर त्याला सांगावं लागतं.

ओरायानं एका हातानं नाक दाबलं. दुसरा हात त्या चिकट झाकणावर ठेवला आणि ती खाली वाकली.

“काका, शेवटचा पूल आलाय. मावशी झोपल्यात. माझ्या मागून या.”